तीन अक्षरांमागचा जिम

कॉलेज फेस्टमध्ये स्टेजच्या दोन्ही बाजूंना रचलेली काळी खोकी एकदा जवळ जाऊन बघा. हॉस्टेलच्या रूममध्ये मित्राच्या टेबलावरचा तो नळकांड्यासारखा ब्लूटूथ स्पीकर उचलून बघा. बऱ्याचदा त्यावर तीनच अक्षरं दिसतील. जे, बी, एल. शेजारी एक उद्गारचिन्ह. आता घरी माळ्यावर चढा. दादाच्या किंवा काकाच्या जुन्या डेस्कटॉपचे स्पीकर सापडले, तर त्यातल्या काहींवर 'आल्टेक लान्सिंग' असं लिहिलेलं असेल.

या दोन वेगळ्या कंपन्या. एकमेकींशी कोर्टकचेरीच्या धमक्या देऊन भांडलेल्या. पण दोघींच्या पाटीवर एकाच माणसाचं नाव आहे. जेम्स बुलो लान्सिंग. मित्रांसाठी जिम. तो गेला तेव्हा अवघा ४७ वर्षांचा होता, आणि ती तीन अक्षरं स्पीकरवर झळकलेली त्याने कधी पाहिलीच नाहीत.

स्पीकर आपण रोज ऐकतो, पण त्यामागच्या माणसाबद्दल कुणी सांगत नाही. त्याची गोष्ट कळली ना, की घरातला खरखरणारा स्पीकर उघडून बघायची भीतीही बरीच कमी होते. म्हणून आज दोन्ही एकत्र.

चौदा भावंडांतला नववा

१४ जानेवारी १९०२. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, मॅकूपिन काउंटीत, हेन्री आणि ग्रेस मार्टिनी यांच्या घरी एक मुलगा जन्मला. नाव जेम्स मार्टिनी. हो, मार्टिनीच. लान्सिंग हे नाव खूप नंतर आलं. वडील कोळशाच्या खाणीत इंजिनीअर. घरात चौदा मुलं आणि हा नववा. एवढ्या गर्दीत आपल्याकडे कुणी लक्ष द्यावं यासाठी काहीतरी करामत करावीच लागते. याने विजेशी खेळायला सुरुवात केली. दहा वर्षांचा असताना त्याने लेडन जार बनवली असं सांगतात. वीज साठवणारी बरणी म्हणा ना. तिचा उपयोग काय, तर मित्रांना झटके देणं. बारा वर्षांचा झाल्यावर त्याने घरीच रेडिओ ट्रान्समीटर जोडला. त्याचे सिग्नल ग्रेट लेक्सच्या नौदल तळापर्यंत पोचले आणि तिथल्या लोकांनी शोध घेत येऊन तो बंद करायला लावला, अशीही आठवण सांगितली जाते.

इंजिनीअरिंगची डिग्री मात्र त्याच्याकडे नव्हती. स्प्रिंगफील्डच्या एका छोट्या बिझनेस कॉलेजात त्याने थोडेफार कोर्स केले. पोटासाठी गाड्यांची इंजिनं दुरुस्त केली. त्यात हात इतका बसला, की गाड्यांच्या डीलरने त्याला पुढच्या ट्रेनिंगसाठी डेट्रॉइटला पाठवलं. हा भाग लक्षात ठेवा. स्पीकरच्या दुनियेत तो मेकॅनिक म्हणून आला होता. एखादा भाग किती बारीक तासायचा आणि दोन भागांत किती फट ठेवायची, हे त्याच्या बोटांना कळत होतं.

१९२४ मध्ये आई गेली आणि जेम्सने घर सोडलं. गाठलं थेट सॉल्ट लेक सिटी. तिथे त्याला एका रेडिओ स्टेशनवर काम मिळालं. ग्लेना पीटरसन भेटली, जिच्याशी त्याने लग्न केलं. आणि केन डेकर भेटला, जो पुढे त्याचा पार्टनर झाला. पुढची सगळी गोष्ट या केनवर फिरते, म्हणून त्याचंही नाव लक्षात ठेवा.

नवं नाव, नवी कंपनी

जेम्स आणि केन लॉस एंजेलिसला आले आणि मार्च १९२७ मध्ये त्यांनी लान्सिंग मॅन्युफॅक्चरिंग कंपनी सुरू केली. त्याच सुमाराला जेम्स मार्टिनीने आपलं नाव कायदेशीररीत्या बदलून घेतलं. जेम्स बुलो लान्सिंग. वय २५. यातलं 'बुलो' हे एका कुटुंबाचं नाव, ज्यांच्याकडे तो पूर्वी काही काळ राहिला होता. थोडक्यात, जन्माने मिळालेलं नाव बाजूला ठेवून त्याने स्वतःसाठी एक नाव निवडलं आणि तेच कंपनीला दिलं. पुढे या नावाचं काय झालं, ते बघालच.

टायमिंग मात्र भन्नाट होतं. दोनच वर्षांपूर्वी जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग या दोघांनी आज आपण वापरतो तसल्या स्पीकरचं डिझाइन मांडलं होतं. त्याची आयडिया अगदी सोपी आहे. एक चुंबक. त्याच्यात एक गोल, अरुंद फट. त्या फटीत तरंगणारी तारेची गुंडाळी, म्हणजे व्हॉइस कॉइल. ही गुंडाळी कागदाच्या कोनला चिकटवलेली. अ‍ॅम्प्लिफायरमधून करंट आला की गुंडाळी पुढे-मागे हलते, तिच्यासोबत कोन हलतो, कोन हवा ढकलतो आणि तुम्हाला गाणं ऐकू येतं. कोनला बाहेरच्या बाजूने लवचीक कड सांभाळते आणि आतल्या बाजूने स्पायडर नावाची जाळीदार चकती. संपला स्पीकर. शंभरेक वर्षं झाली, तुमच्या इअरफोनपासून डीजेच्या भिंतीपर्यंत बहुतेक ठिकाणी आजही हेच चालतं.

लान्सिंगने सुरुवातीला रेडिओ सेटमध्ये बसतील असे छोटे, सहा आणि आठ इंची स्पीकर बनवले. तेवढ्यात ऑक्टोबर १९२७ मध्ये 'द जॅझ सिंगर' आला आणि सिनेमा बोलायला लागला. सिनेमाची राजधानी हॉलीवूड आणि लान्सिंगचा कारखाना, दोन्ही एकाच शहरात!

टॅप डान्सचा डबल आवाज

सिनेमा बोलायला लागला खरा, पण नीट बोलत नव्हता. थिएटरमधल्या तेव्हाच्या हॉर्न स्पीकरांमधून एकतर खोल आवाज येईना, नाहीतर बारीक आवाज गायब. मग दोन भाग करून बघितले. खालच्या आवाजासाठी मोठा हॉर्न, वरच्यासाठी छोटा. आज आपण त्यांना वूफर आणि ट्विटर म्हणतो. (ट्विटर नावाचं अ‍ॅप यायच्या कित्येक वर्षं आधीपासून स्पीकरवाल्यांकडे ट्विटर होता, बरं का!)

यातही एक घोळ निघाला. एमजीएम स्टुडिओत एलिनॉर पॉवेलचा टॅप डान्स मोठ्या स्पीकरवर वाजवला तेव्हा बुटाचा एक ठोका दोनदा ऐकू यायला लागला. चूक रेकॉर्डिंगची नव्हती. मोठ्या हॉर्नची नळी आत वळसे घेत लांब गेलेली आणि छोट्या हॉर्नची आखूड. दोन्ही आवाज निघायचे एकाच वेळी, पण कानापर्यंतच्या अंतरात काही फुटांचा फरक. हवेत आवाजाला एक फूट जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. तेवढा उशीर कानाने पकडला आणि एकाचे दोन ठोके झाले.

एमजीएमच्या साउंड विभागाचा प्रमुख होता डग्लस शीअरर, अभिनेत्री नॉर्मा शीअररचा भाऊ. त्याने आणि त्याचा इंजिनीअर जॉन हिलियर्डने ठरवलं, की आपणच नवी सिस्टिम बनवायची आणि दोन्ही हॉर्नच्या लांबीतला फरक जवळपास मिटवायचा. त्यासाठी लागणारे खास ड्रायव्हर बनवायला ते आपल्याच शहरातल्या छोट्या लान्सिंग कंपनीकडे आले. जिमने ते बनवून दिले. ही शीअरर हॉर्न सिस्टिम इतकी सरस ठरली, की १९३६ सालासाठी अ‍ॅकॅडमीचा तांत्रिक पुरस्कार तिला मिळाला.

पुरस्कारावर नाव होतं डग्लस शीअररचं आणि एमजीएमच्या साउंड विभागाचं. ज्याच्या कारखान्यात ते ड्रायव्हर तयार झाले, त्याचं नाव तिथे नव्हतं. ग्रुप प्रोजेक्टमध्ये सगळं काम करून पहिल्या स्लाइडवर नाव नसलेल्यांना हे लगेच समजेल.

तरी एक चांगली गोष्ट झाली. आता सिनेमावाले जिमला ओळखायला लागले. मोठ्या सिस्टिमची धाकटी आवृत्ती म्हणून त्याने 'आयकॉनिक' नावाचा छोटा टू-वे स्पीकर काढला. स्टुडिओच्या खोलीत बसून ऐकता येईल असा. आज तुम्ही घरी ज्याला टू-वे बुकशेल्फ म्हणता, त्याच्या पूर्वजांपैकी हा एक.

केन गेला

आता खरा ट्विस्ट. लान्सिंग कंपनीत कामाची वाटणी अगदी स्पष्ट होती. जिम वर्कशॉपमध्ये आणि केन हिशेबात. कुणाकडून पैसे यायचेत, कुणाला द्यायचेत, कुठली ऑर्डर घ्यायची, कुठली सोडायची, हे सगळं केन डेकर बघायचा. जिमला त्यात रस नव्हता आणि गतीही नव्हती. स्पीकर अजून चांगला कसा होईल एवढाच त्याचा प्रश्न.

१९३९ मध्ये विमान अपघातात केनचा मृत्यू झाला.

मित्र गेला, आणि त्याच्यासोबत कंपनीचं अर्धं डोकंही. दोन वर्षांत कंपनी पैशांच्या अडचणीत रुतली. ४ डिसेंबर १९४१ रोजी, पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याच्या तीनच दिवस आधी, आल्टेक नावाच्या कंपनीने लान्सिंग मॅन्युफॅक्चरिंग विकत घेतली. आल्टेक म्हणजे 'ऑल टेक्निकल'चं छोटं रूप. थिएटरमधल्या साउंड सिस्टिमची देखभाल करणारी ही कंपनी. नव्या कंपनीचं नाव ठेवलं आल्टेक लान्सिंग, आणि जिम झाला इंजिनीअरिंगचा व्हाइस प्रेसिडेंट. करार पाच वर्षांचा.

काम म्हणून बघाल तर ही वर्षं सोन्यासारखी होती. हिलियर्डही इथे आला. पूर्वी स्पीकरमधल्या चुंबकाला ताकद यावी म्हणून त्याला वेगळी वीज द्यावी लागायची. आता अल्निको नावाच्या मिश्रधातूचे जोरदार कायमचे चुंबक आले आणि ती कटकट गेली. वूफर आणि वरचा हॉर्न एकाच चौकटीत बसवलेला ६०४ नावाचा डुप्लेक्स स्पीकर निघाला. तो पुढे कित्येक दशकं रेकॉर्डिंग स्टुडिओंमध्ये टिकून होता. थिएटरांसाठी 'व्हॉइस ऑफ द थिएटर' ही मालिका आली. आणि जिमने व्हॉइस कॉइल गुंडाळायची पद्धतच बदलली. गोल तारेऐवजी चपटी पट्टी, तीही कडेवर उभी करून, मशिनने झटपट गुंडाळलेली. गोल तारा शेजारी शेजारी ठेवल्या की मध्ये रिकामी जागा राहते. चपट्या पट्ट्या पत्त्याच्या कॅटसारख्या खेटून बसतात. तेवढ्याच फटीत जास्त धातू म्हणजे तेवढ्याच विजेत जास्त जोर. मेकॅनिकची बोटं इथे कामाला आली.

पण पाच वर्षं संपली तसा जिम १९४६ मध्ये बाहेर पडला. दुसऱ्याच्या कंपनीत त्याचं मन रमलं नाही. त्याला पुन्हा स्वतःचं काही करायचं होतं.

आडनाव कुणाचं?

नव्या कंपनीला त्याने नाव दिलं लान्सिंग साउंड. आल्टेकने लगेच हरकत घेतली. कंपनी विकताना 'लान्सिंग' हे नावही विकलं गेलंय, ते आता आमच्या मालावर आहे, असा त्यांचा मुद्दा.

विचार करा. जे नाव त्याने पंचविसाव्या वर्षी स्वतः निवडलं, तेच नाव स्वतःच्या कारखान्यावर लावायला आता अडचण. शेवटी तोड निघाली. पूर्ण नाव लिहायचं. जेम्स बी. लान्सिंग साउंड, इनकॉर्पोरेटेड. तुमच्यापैकी कुणाच्या डोक्यात स्टार्टअपची आयडिया असेल आणि कंपनीला स्वतःचं नाव द्यायचा विचार असेल, तर हा पॅरा परत वाचा. कंपनी विकताना नेमकं काय काय विकलं जातंय, हे सही करण्याआधी विचारायचं असतं.

या छोट्या, पैशांची कायम ओढाताण असलेल्या कंपनीत जिमने त्याचा सगळ्यात गाजलेला स्पीकर बनवला. डी-१३०. पंधरा इंची कोन. आणि मध्ये चक्क चार इंची व्हॉइस कॉइल, तीच कडेवर गुंडाळलेल्या पट्टीची. वर चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची टोपी. मोठी कॉइल म्हणजे उष्णता लवकर बाहेर जाते, आणि कोनला मजबूत आधार मिळतो. एक वॅटमध्ये एक मीटरवर हा स्पीकर शंभर डेसिबलच्या वर आवाज द्यायचा. आज घरगुती बुकशेल्फ स्पीकरवर तुम्हाला ८७ च्या आसपास आकडा दिसतो. फरक तेरा डेसिबलचा वाटतो, पण त्याचा अर्थ असा, की डी-१३० जे काम एका वॅटमध्ये करायचा, त्याला आजच्या त्या स्पीकरला सुमारे वीस वॅट लागतील. तेव्हा अ‍ॅम्प्लिफायर मोजक्या वॅटचे असायचे, त्यामुळे ही गोष्ट फार मोठी होती.

सप्टेंबर १९४९

स्पीकर उत्तम आणि हिशेब कोलमडलेला. केनची जागा भरली गेली नव्हतीच. काही काळ मार्क्वार्ट नावाच्या विमान कंपनीने पैसे आणि जागा दिली. तिथला बिल थॉमस हा हिशेबात पक्का माणूस जिमच्या कंपनीचं काम बघायला लागला. पण १९४९ मध्ये मार्क्वार्टचीच मालकी बदलली आणि नव्या मालकांना स्पीकरच्या धंद्यात रस नव्हता. आधार सुटला. कर्ज वाढत गेलं.

सप्टेंबर १९४९ मध्ये जिम लान्सिंगने कॅलिफोर्नियात सॅन मार्कोस इथल्या घरी स्वतःचं आयुष्य संपवलं. ४७ व्या वर्षी. मागे ग्लेना आणि मुलं.

इथे थोडं थांबूया. अशा गोष्टी सांगताना आपण पटकन म्हणतो, मोठ्या कलाकारांचं असंच असतं. नाही. हा माणूस थकला होता, कर्जात होता आणि पैशांची जी बाजू त्याला जमत नव्हती ती एकटाच ओढत होता. आणि त्याला संपल्यासारखं वाटत होतं ते खरं तर संपलेलं नव्हतंच. बिल थॉमसने कंपनी हातात घेतली, तेच स्पीकर बनवले, तेच विकले, आणि काही वर्षांत ती नीट उभी राहिली. मालात काहीच कमी नव्हती. कमी होता तो थोडा वेळ, आणि टेबलाच्या पलीकडे बसून वही उघडणारा एक माणूस. फी, बॅकलॉग, लोन, ब्रेकअप, घरचं टेन्शन, काहीही असो. डोक्यात तसले विचार यायला लागले तर मित्राला, घरच्यांना, सरांना किंवा मॅडमना सांगा. नाहीतर टेलिमानसला १४४१६ वर फोन करा. हा नंबर मोफत आहे आणि चोवीस तास चालतो.

तीन अक्षरं

आल्टेकशी नावावरून कुरबुर चालूच होती. १९५५ मध्ये थॉमसने तोडगा काढला. स्पीकरवर पूर्ण नाव नको, फक्त आद्याक्षरं. जेबीएल, आणि शेजारी उद्गारचिन्ह. म्हणजे तुमच्या टेबलावरचा तो लोगो हा एका भांडणाचा निकाल आहे.

डी-१३० ची घोडदौड पुढे चालू राहिली. फेंडरच्या गिटार अ‍ॅम्प्लिफायरमध्ये त्याची खास आवृत्ती बसली. १९६९ मध्ये वुडस्टॉकला लाखो पोरंपोरी चिखलात उभी राहून ऐकत होती, तेव्हा तिथल्या खोक्यांमध्येही पंधरा इंची जेबीएल होते. त्याच वर्षी थॉमसने कंपनी सिडनी हरमन यांच्या कंपनीला विकली. हरमनला २०१७ मध्ये सॅमसंगने घेतलं. याच हरमनचा गाड्यांच्या ऑडिओ सिस्टिमचा एक कारखाना आपल्या पुण्याजवळ चाकणला आहे. इलिनॉयच्या खाणवस्तीतल्या मेकॅनिक पोराचा वारसा असा फिरत फिरत चाकण एमआयडीसीत आला.

आता तुमचा स्पीकर

जिमने आयुष्यभर ज्या भागांशी झटापट केली, तेच भाग घरच्या स्पीकरमध्ये बिघडतात. त्यामुळे फेकायच्या आधी एवढं करून बघा.

एक, अदलाबदल करा. एक बाजू बंद पडलीय? अ‍ॅम्प्लिफायर बंद करा, मागच्या बाजूला डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायर आपसात बदला, पुन्हा चालू करा. जो मुका होता तो आताही मुका असेल, तर दोष स्पीकरमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये. तो बोलायला लागला आणि दुसरा मुका झाला, तर स्पीकर ठीक आहे, अ‍ॅम्प्लिफायर किंवा त्याच्या मागचं काहीतरी गडबडलंय. फुकटातली टेस्ट, पण निम्मं काम हिच्यात होतं.

दोन, वायर बघा. तारेचं टोक काळं-हिरवं पडलंय का? कोकणात, मुंबईत दमट हवेने हे हमखास होतं. टोक कापून नवीन तांबं उघडं करा. लाल आणि काळ्याचे सुटे तंतू एकमेकांना चिकटले नाहीत ना, हेही बघा. ते चिकटले तर अ‍ॅम्प्लिफायरच जाऊ शकतो.

तीन, वूफरला पेन्सिल सेल लावा. स्पीकरची वायर अ‍ॅम्प्लिफायरपासून सोडवा. दीड व्होल्टचा साधा सेल वूफरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. 'टक्' आवाज येऊन कोन हलला, तर कॉइल जिवंत आहे. काहीच नाही, तर तार तुटलीय. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला लावला की कोन सहसा बाहेर येतो. गंमत म्हणजे जेबीएलच्या जुन्या स्पीकरांत तो आत जायचा, त्यांची पद्धतच उलटी होती! ट्विटरवर हा प्रयोग नको, तो नाजूक असतो.

चार, मल्टिमीटर. ८ ओमच्या स्पीकरवर साधारण ६ ओम दिसतात, ४ ओमच्यावर साधारण ३ ते साडेतीन. हे बरोबर आहे, घाबरू नका. आकडाच येत नाही म्हणजे कॉइल तुटली. शून्याच्या जवळ म्हणजे आत शॉर्ट.

पाच, हलक्या हाताने दाबा. दोन्ही हातांची बोटं कोनवर समोरासमोर ठेवून अगदी सावकाश, सारखा दाब द्या. खरखर जाणवली तर कॉइल फटीत घासतेय. जास्त व्हॉल्यूमने कॉइल तापून वाकली की असं होतं.

सहा, कड बघा. कोनच्या बाहेरची फोमची कड बोट लावताच भुगा होत असेल, तर आवाज फडफडणारच. फोम वर्षानुवर्षांत आपोआप सडतो, त्यात तुमचा दोष नाही. पण म्हणून पूर्ण स्पीकर टाकू नका. नवी कड किंवा नवा कोन बसवून मिळतो. याला रिकोनिंग म्हणतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत चौकशी केलीत, तर वाट सापडेल.

आवाज येतोय, पण बास एकदम पोकळ वाटतोय? दोन्हींपैकी एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली असणार. एकाचा कोन बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो आणि दोघं मिळून बास खाऊन टाकतात. टॅप डान्सच्या डबल ठोक्याचंच हे भावंड. दोन्ही स्पीकर चांगले, पण एकमेकांशी जुळत नाहीत.

बदलायचाच असेल तर

खोक्यातला ड्रायव्हर बदलताना फक्त इंच बघून चालत नाही. ओम तेवढाच घ्या. ८ च्या जागी ४ बसवला तर अ‍ॅम्प्लिफायरवर जास्त करंटचा भार येतो आणि तो तापतो. खोक्यावर पीएमपीओचे हजारो वॅट लिहिलेले असतील तर हसून सोडून द्या, आरएमएस किती ते विचारा. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे डेसिबलचा तो आकडा, जुन्याच्या जवळपास हवा. तीन डेसिबल कमी म्हणजे तेवढ्याच आवाजाला दुप्पट पॉवर. नाहीतर एक बाजू कुजबुजेल आणि दुसरी ओरडेल. तोच मॉडेल मिळत नसेल तर डाव्या-उजव्याची जोडीच बदला. आणि वूफर त्या खोक्याच्या आकाराला मानवणारा हवा. उघड्या खोक्याचा वूफर बंद डब्यात बसवला की बास बिघडतो.

ट्विटर वारंवार उडतोय? बऱ्याचदा गुन्हेगार ट्विटर नसतो, छोटा अ‍ॅम्प्लिफायर असतो. त्याच्या ताकदीबाहेर व्हॉल्यूम फिरवला की आवाजाच्या लाटांचे माथे कापले जातात, आणि त्यातून तयार होणारा जादा बारीक आवाज ट्विटरला जाळतो. पार्टीत आवाज फाटायला लागला की व्हॉल्यूम दोन घरं खाली आणा. नवा ट्विटर घेण्यापेक्षा हे स्वस्त आहे.

आणि ब्लूटूथवाला स्पीकर मेला असेल तर आधी चार्जिंगचं सॉकेट आणि बॅटरी तपासून घ्या. आतला कोन बऱ्याचदा ठणठणीत असतो.

जिमने बनवलेले काही डी-१३० आजही वाजताहेत. कारण साधं आहे. तो स्पीकर उघडता येतो, त्याचा कोन बदलता येतो, पुन्हा बंद करून वाजवता येतो. या रविवारी माळ्यावरचं ते खोकं खाली काढा. एक स्क्रू ड्रायव्हर, एक पेन्सिल सेल. 'टक्' झालं तर समजा, अजून जीव आहे.